क्रीम पफ फुगतात आणि बाहेर काढले की बसतात

अर्धाचमचा

सहा घाणे झाले. वहीत लिहून ठेवते म्हणून आकडा पक्का आहे: सहा घाण्यांना २४ अंडी, क्रीमची वेगळी. पहिले दोन घाणे फुगलेच नाहीत, ट्रेवर पसरून जाड बिस्किटं झाली. पुढचे चार मात्र ओव्हनच्या काचेतून बघताना असे टम्म फुगले होते की मी घरच्यांना हाका मारल्या. ते येईपर्यंत ट्रे ओट्यावर आला होता आणि पफांची तोंडं पडली होती. पाच मिनिटांत सगळ्यांच्या चकत्या.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्लेअर, क्रीम पफ, प्रोफिटरोल ही सगळी एकाच पिठाची भावंडं. फ्रेंचमध्ये त्या पिठाला ‘पात आ शू’ म्हणतात. शू म्हणजे कोबी, कारण भाजलेला पफ कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखा दिसतो. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही. पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पीठ आतून फुगवते आणि मधे पोकळी राहते. त्या पोकळीत क्रीम भरायचं. लांबट पाडलं की एक्लेअर, गोल पाडलं की पफ.

माझं प्रमाण: पाणी २५० मिली, बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, अंडी ४, मीठ पाव चमचा, साखर १ मोठा चमचा. पाणी आणि बटर उकळलं की मैदा घालते, गोळा झाला की लगेच उतरवते, एकेक अंडं घालून घोटते आणि पाइपिंगच्या (टोकाला नोझल, म्हणजे नळी असलेल्या) पिशवीने ट्रेवर पाडते. २०० अंशांवर २० मिनिटं. छान सोनेरी झाले की बाहेर.

तीन वेगवेगळ्या पाकृ पडताळून पाहिल्या, प्रमाण सगळीकडे जवळपास हेच. मग चुकतंय कुठे? अंडी वाढवू की कमी करू?

लोणकढी_थाप

अंड्यांना तूर्तास हात लावू नका. ‘२० मिनिटं’ आणि ‘छान सोनेरी’, घोळ इथे आहे. त्यात एक मोठा चमचा साखर! साखरेने रंग लवकर चढतो आणि आपण फसतो. बाहेरून झालेत असं वाटतं, आत ओला लगदा. साखर चिमूटभर ठेवा आणि बाकी काहीही न बदलता ३५ ते ४० मिनिटं भाजून बघा.

निमूट

+१. माझे २० मिनिटांत कधीच होत नाहीत.

टिपकागद

वरच्या दोघांशी सहमत. पण कारण कळलं की घड्याळावर विसंबावं लागत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पाण्याची वाफ होते तेव्हा त्याचं आकारमान सुमारे १७०० पट होतं. फुगवायला ताकद भरपूर आहे, प्रश्न ती कोंडायचा आहे. त्यासाठी ताणली जाईल पण फाटणार नाही अशी पिशवी लागते, आणि ती आपण गॅसवरच तयार करायला घेतो. उकळत्या पाण्यात मैदा पडला की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. कच्च्या मैद्यात एवढं पाणी आणि अंडी घातली असती तर नुसती खळ झाली असती. शिजलेला मैदा ते सगळं पोटात घेऊनही पिशवीतून पाडण्याइतका घट्ट राहतो.

पुढे ओव्हनमध्ये क्रम असा: आधी फुगणं, मग अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊन आकार पक्का होणं, आणि सगळ्यात शेवटी भिंती वाळणं. तुमचा घाणा दुसऱ्या पायरीवर बाहेर येतोय. आत वाफ आहे तोवर तिचाच टेकू आहे. ट्रे ओट्यावर आला की वाफेचं परत पाणी होतं, टेकू जातो आणि ओल्या भिंती खाली येतात. म्हणजे या पिठात पाणी भरपूर घालायचं आणि शेवटी ते तितक्याच चिकाटीने घालवायचं. पाकृ लिहिणारे पहिला भाग तपशिलात लिहितात आणि दुसरा ‘सोनेरी होईपर्यंत भाजा’ एवढ्यात उरकतात.

ओळखायचं कसं? वरचा रंग बघू नका, भेगा बघा. पफ फुगताना त्याला भेगा जातात आणि आतलं ताजं पीठ उघडं पडतं. त्या भेगा पांढरट-पिवळ्या असतील तर अजून वेळ आहे. भेगांनाही टोपीइतकाच रंग चढला की झालं. दुसरी खूण वजनाची. एक उचलून बघा, रिकाम्या खोक्यासारखा हलका लागला पाहिजे.

अर्धाचमचा

@टिपकागद, भेगा!! आत्ता जुने फोटो काढून पाहिले. चारही घाण्यांत टोप्या बदामी आणि भेगा पांढऱ्याफटक. इतके दिवस मी त्याला नक्षी समजत होते.

वजनकाटा

माझा आयडी बघून मी काय बोलणार ते कळलंच असेल. ‘अंडी ४’ हे माप नाही!

फोडलेलं अंडं लहान असेल तर ४५ ग्रॅम भरतं, मोठं असेल तर ५५-६०. चार अंड्यांत ६० ग्रॅमपर्यंत फरक, म्हणजे एका पाकृला अख्खं अंडं जास्त किंवा कमी. शिवाय गॅसवर तुमचं पाणी किती उडून गेलं हे पाकृ लिहिणाऱ्याला माहीत नसतं. पाणी आणि अंडी मिळून ओलावा ठरतो. एक कमी झालं की दुसऱ्याने भरून काढायचं. म्हणून अंडी आधी ठरवताच येत नाहीत.

मी असं करतो. चार-पाच अंडी एका भांड्यात फोडून काट्याने एकजीव करायची. तीन चतुर्थांश आधी घालायची, तीसुद्धा तीन-चार वेळा करून. दर वेळी पीठ फाटल्यासारखं, गुठळ्या गुठळ्या दिसेल. घाबरायचं नाही, घोटत राहायचं, ते परत मिळून येतं. मग उरलेलं अंडं चमच्याचमच्याने. दर चमच्यानंतर उलथन्याने पीठ उचलून बघायचं. उलथन्याला पिठाचा त्रिकोणी पडदा लोंबला पाहिजे आणि तो क्षणभर थबकून मग पडला पाहिजे. धपकन गोळा पडला तर अजून एक चमचा. धार लागली तर संपलं, ते दुरुस्त होत नाही. मैदा वरून भुरभुरवून काही उपयोग नाही, तो शिजलेला नसतो.

पहिले दोन घाणे पसरले ते बहुतेक याच कारणाने.

लोणकढी_थाप

पातळ झालेलं वाचवता येतं! गॅसवर अर्ध्या प्रमाणात नवा गोळा शिजवायचा आणि हे पातळ पीठ अंड्यांच्या जागी थोडं थोडं त्यात घालायचं. दीडपट पफ होतात ही एकच अडचण. तिला मी अडचण म्हणत नाही.

वजनकाटा

@लोणकढी_थाप, हे मान्य. शब्द मागे घेतो.

रविवारचा_बेकर

गोळा झाला की लगेच उतरवता, तेही एक कारण. गोळा झाल्यावर मंद आचेवर अजून दोन-तीन मिनिटं परतायचा. बुडाला पातळ साय धरल्यासारखा थर दिसला आणि गोळा भांडं सोडून गोल फिरायला लागला की उतरवायचा. नॉनस्टिक भांड्यात हा थर येतच नाही, त्यामुळे मी बरेच दिवस वाट बघत गोळा जाळत होतो. थर्मामीटर असेल तर गोळा ७५ ते ८० अंशांपर्यंत न्या, म्हणजे वादच नको.

बटरचे बारीक तुकडे करूनच पाण्यात टाका. थंडगार आख्खी वडी टाकली तर ती वितळेपर्यंत पाणी उकळत बसतं आणि वाफ होऊन निघून जातं. बटर वितळणं आणि पाण्याला उकळी येणं एकाच वेळी व्हायला हवं. उकळी आली की मैदा एकदम ओतायचा, भुरभुरवायचा नाही. हळूहळू घातला तर गुठळ्या होतात.

आणि अंडं घालण्याआधी गोळा ६० अंशांच्या खाली येऊ द्या. बोट घालून दोन सेकंद ठेवता आलं पाहिजे. गरम गोळ्यात अंडं घातलं की ते तिथेच शिजतं आणि शिजलेलं अंडं ओव्हनमध्ये काही कामाचं नाही.

सायसाखर

ओव्हनचं दार उघडायचं की नाही यावर कोणीतरी एकदाचा निकाल द्या. एकीकडे वाचलं की उघडलं तर बसतात, दुसरीकडे वाचलं की उघडून भोक पाडा म्हणजे बसत नाहीत.

रविवारचा_बेकर

दोन्ही खरं आहे, वेळ वेगवेगळी. पहिली २०-२५ मिनिटं दाराला हात लावायचा नाही. तेव्हा भिंती मऊ असतात, थंड हवेचा झोत आला की आतली वाफ आवरते आणि खेळ खलास. रंग चढून आकार पक्का झाल्यावर उघडलं तर चालतं. मी एका बेकिंग वर्गाला जायचो, तिथे दर दहा मिनिटांनी दार उघडून ट्रे फिरवायला सांगायचे. सगळ्यांचे पफ बसायचे आणि दोष मैद्याला द्यायचे.

माझी पद्धत: २०० अंशांवर १५ मिनिटं, मग दार न उघडता १७५ वर आणून २० मिनिटं. नंतर ट्रे बाहेर काढून प्रत्येक पफाच्या बुडाला सुरीच्या टोकाने भोक पाडतो आणि परत आत ठेवतो. ओव्हन बंद, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवलेली, १० मिनिटं. भोकातून वाफ निघून जाते आणि आतला लगदाही वाळतो. नाहीतरी क्रीम भरायला भोक लागतंच, मग ते आधीच पाडलेलं काय वाईट?

पंखा असलेला ओव्हन असेल तर हे आकडे २० अंशांनी कमी धरा. शक्य असेल तर पहिल्या टप्प्यात पंखा बंदच ठेवा. वाऱ्याने वरची साल लवकर कडक होते आणि पफ वेडेवाकडे फाटतात.

अर्धाचमचा

माझा छोटा ओटीजी आहे, पंखा नाही. पण आता सगळ्यावर संशय यायला लागलाय. आत ठेवायचा थर्मामीटर मागवलाय, तो आला की लिहिते.

शून्य_अंडे

छान धागा. माझा नेहमीचा प्रश्न: हे बिनअंड्याचं होतं का?

गुपचूप_गोड

होतं की! उकडलेल्या छोल्यांचं पाणी फेसून घातलं की अगदी तसेच फुगतात, मी व्हिडिओ पाहिलाय.

लोणकढी_थाप

@गुपचूप_गोड, व्हिडिओ मीही पाहिला आणि करूनही पाहिलं. तीनदा. थोडे फुगतात, मधे पोकळीच्या जागी भोकाभोकांचा ब्रेड होतो आणि खाताना रबर. फेस धरणं वेगळं आणि गरम झाल्यावर भिंत घट्ट करणं वेगळं. अंडं दुसरं काम करतं, आणि घरगुती जिनसांत त्याला तोडीस तोड बदली मला मिळालेली नाही.

@शून्य_अंडे, खोटी आशा लावत नाही. पण क्रीम भरलेली पेस्ट्री खायची आहे ना, मग शूचा नाद सोडा आणि पफ पेस्ट्री घ्या. त्यात अंडं मुळातच नसतं, फुगतात ते बटरच्या घड्यांमुळे. पट्ट्या कापून धातूच्या शंकूवर गुंडाळायच्या, पट्टीची कड आधीच्या पट्टीवर थोडी चढवायची, वर दूध-साखर लावून २०० अंशांवर भाजायच्या. शंकू काढला की आत क्रीम भरायला आयती जागा. शंकूला आधी बटर नीट फासा, नाहीतर पेस्ट्री तुटून हातात येते आणि शंकू तसाच राहतो.

टिपकागद

आत भरायला बिनअंड्याचं कस्टर्डही उत्तम जमतं. बाजारात मिळणारी कस्टर्ड पावडर जन्मली तीच त्यासाठी. १८३७ मध्ये बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. मूळ घटक मक्याचं पीठ, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. भरण्यासाठी करताना नेहमीपेक्षा दुप्पट घट्ट शिजवा, पूर्ण गार करा आणि मग फेसलेलं क्रीम मिसळा.

शून्य_अंडे

शंकूंचा बेत पक्का. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, दर वेळी ‘दही घाला’ ऐकून कंटाळले होते.

सायसाखर

क्रीमचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं मांडते. क्रेम पातिसिएर, म्हणजे दूध, अंड्याचा पिवळा बलक, साखर, कॉर्नफ्लोअर. रात्री करते तेव्हा चमचा उभा राहील इतकं घट्ट. झाकून फ्रीजमध्ये. सकाळी बघते तर पातळ! पुन्हा पुन्हा होतंय. कॉर्नफ्लोअर वाढवलं तर चव पिठूळ येते. दूध ५०० मिली, बलक ५, साखर १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम.

टिपकागद

प्रमाण उत्तम आहे. एक प्रश्न: घट्ट झाल्या झाल्या गॅस बंद करता का?

सायसाखर

हो, अंडं फाटेल या भीतीने. पहिला बुडबुडा आला की लगेच बंद.

टिपकागद

तिथेच आहे चोर. कच्च्या बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. ते स्टार्च तोडतं. मिश्रण पुरतं तापलं नाही तर ते जिवंत राहतं आणि तुम्ही झोपलेल्या असताना सगळा घट्टपणा खाऊन टाकतं. त्यामुळे बुडबुडे यायला लागल्यावर न थांबता ढवळत आणखी एक ते दोन मिनिटं उकळायचं.

अंडं फाटायची भीती इथे नको. नुसत्या दूध-अंड्याच्या कस्टर्डला उकळी चालत नाही हे खरं, पण इथे स्टार्च आहे. स्टार्चचे फुगलेले कण प्रथिनांच्या मधे येतात आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाहीत. म्हणून हे क्रीम उकळलेलं सोसतं. नव्हे, त्याला उकळी हवीच.

उतरवल्यावर ४० ग्रॅम बटर आणि व्हॅनिला घाला, गाळणीतून गाळा, पसरट ताटलीत ओता आणि प्लास्टिकची फिल्म थेट क्रीमला चिकटवून लावा. फिल्म आणि क्रीम यांच्यात हवा राहिली की वर कातडं धरतं. पसरट ताटलीत लवकर गार होतं, आणि अंडं-दुधाच्या पदार्थाला कोमट अवस्थेत जितका कमी वेळ राहू द्याल तितकं बरं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटून रवाळ होतं.

सायसाखर

दोन वर्षं मी कॉर्नफ्लोअरच्या कंपन्या बदलत होते 🤦‍♀️

निमूट

गार झालेलं क्रीम थिजलेलं दिसतं. फेटून घेतलं की मऊ होतं. नाहीतर पिशवीतून निघत नाही.

गुपचूप_गोड

मला नुसतं फेसलेलं क्रीम आवडतं. पण ते तासाभराने ओघळतं, आणि कधी कधी फेसलंच जात नाही.

वजनकाटा

डब्यावरचे आकडे वाचा. फेसायच्या क्रीममध्ये कमीत कमी ३० टक्के स्निग्धांश हवा, ३५ असेल तर निवांत. २५ टक्क्यांचं साधं क्रीम कितीही फेटा, सूप होतं. क्रीम, भांडं, फेटणी तिन्ही फ्रीजमधून थेट काढलेली हवीत.

ओघळण्यावर उपाय म्हणजे दोन्हींचा संसार. गार पातिसिएर दोन भाग, फेसलेलं क्रीम एक भाग, हलक्या हाताने मिसळायचं. त्याला डिप्लोमॅट क्रीम म्हणतात. चवीला कस्टर्ड, तोंडात हलकं, आणि पफमध्ये आकार धरून बसतं. माझ्या मते पफसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. एक्लेअरला मात्र नुसतं पातिसिएरच, चॉकलेट किंवा कॉफी घातलेलं.

जुनीपाने

पाकृतलं फारसं कळत नाही, खाणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. एक्लेअर या फ्रेंच शब्दाचा अर्थ वीज, आकाशात चमकते ती. ‘विजेच्या वेगाने संपतो म्हणून’ असं एक कारण देतात. जपानीत क्रीम पफला ‘शू कुरीमु’ म्हणतात, त्यातला शू हाच फ्रेंच कोबी.

आणि शूच्या पिठाचं कडं करून वर बदामाचे काप लावतात, आत प्रालिनचं (साखरेत परतलेल्या सुक्या मेव्याच्या वाटणाचं) क्रीम भरतात, ते पारी-ब्रेस्त. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सायकल शर्यत १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्या नावाने १९१० मध्ये लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्याने सायकलच्या चाकाच्या आकाराची ही पेस्ट्री केली. खायला चाक, पण पुढचे दोन तास कोणी सायकलवर बसू शकत नाही.

गुपचूप_गोड

आणि हे पीठ इटलीहून येऊन फ्रान्सची राणी झालेल्या कॅथरिन दे मेदिचीच्या इटालियन आचाऱ्याने फ्रान्सला नेलं ना?

जुनीपाने

कॅथरिन १५३३ मध्ये लग्न होऊन फ्रान्सला गेली हे खरं. आचाऱ्याची गोष्ट मात्र पुष्कळ नंतरच्या लेखनात दिसते, त्या काळातला आधार तिला नाही. तिच्या नावावर इतके पदार्थ खपवलेत की बाईंना राज्यकारभाराला वेळ कधी मिळाला असेल कोण जाणे.

रविवारचा_बेकर

हाहा. मूळ विषयाकडे येऊ. ज्यांचे पफ उभे राहतात पण चेहरा फाटका दिसतो त्यांच्यासाठी: क्राकलँ. बटर, ब्राउन शुगर, मैदा तिन्ही समान वजनाने, समजा ५०-५० ग्रॅम, मळायचं. दोन बटर पेपरांमध्ये २ मिमी जाडीचं लाटायचं आणि फ्रीझरमध्ये कडक करायचं. पफाच्या आकाराच्या चकत्या कापून कच्च्या पफावर अलगद ठेवायच्या. भाजताना चकती वितळत खाली पसरते आणि पफ सगळीकडून सारखा फुगतो. वर खुसखुशीत, बारीक तडे गेलेलं कवच. खरं सांगायचं तर नवशिक्यांसाठीच आहे हे, सगळी पापं झाकतं.

चकती नसेल तर पिशवीने पाडल्यावर राहिलेलं शेंडीचं टोक ओल्या बोटाने दाबून टाका, नाहीतर ते आधी जळतं. आणि ट्रेला तूप-तेल चोपडू नका. चिकट जागा नसली की पफ बाजूला घसरतात आणि बुडाला पसरट पाय फुटतात. बटर पेपर पुरे.

अर्धाचमचा

थर्मामीटर आला. बसून लिहितेय कारण उभं राहवत नाही. तबकडीवर २०० लावलं की आत १७०! इतके दिवस मी १७० वर २० मिनिटं भाजत होते.

सातवा घाणा आज केला. साखर चिमूट. गोळा तीन मिनिटं परतला. अंडी वजन करून फोडली, २१० ग्रॅम घातल्यावर पडदा लोंबला, तिथे थांबले. आधीच्या घाण्यांत चारही अंडी आपली डोळे झाकून घातली जात होती. तबकडी २३० वर, आतला काटा २०० वर. १५ मिनिटांनी उतरवून काटा १७५ वर आणला, आणखी २२ मिनिटं. भेगांना रंग चढेपर्यंत दाराकडे पाठ करून बसले. मग भोकं पाडून १० मिनिटं फटीत.

२४ पैकी २१ उभे. तीन बसले, ते मागच्या कोपऱ्यातले, तिथे रंगही कमी होता. एक कापला, आत दोन-तीन ओलसर पडदे होते ते बोटाने काढले. बाकी कोरडी पोकळी, टिचकी मारली की टकटक.

निमूट

अभिनंदन. फोटो हवा.

लोणकढी_थाप

कोपऱ्यात ओव्हन थंड असणार. पुढच्या वेळी तिथे पाडूच नका, २० करा.

अर्धाचमचा

फोटो उद्या, आज सगळ्यांनी हात मारलाय. आता दोन प्रश्न. एक, दुपारी भरलेले पफ रात्री मऊ पडले. दोन, उरलेल्या पिठाचे चार एक्लेअर केले, साधं गोल नोझल वापरून. सगळे कडेने लांबलचक फाटले, जणू कोणी सुरी फिरवलीय.

वजनकाटा

पहिल्याचं उत्तर: क्रीम ओलं, कवच कोरडं, ते पाणी ओढणारच. खायच्या तास-दोन तास आधीच भरा. आधी करून ठेवायचं असेल तर रिकामी कवचं पूर्ण गार करून हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चांगली राहतात. काढली की १७० अंशांवर ५ ते ८ मिनिटं तापवा, गार करा, मग भरा. कच्चे पाडलेलेही ट्रेसकट गोठवता येतात. ते न वितळवता थेट ओव्हनमध्ये जातात, पाच एक मिनिटं जास्त द्या.

लोणकढी_थाप

वाट बघणारी मंडळी असतील तर कवचाच्या आत वितळलेल्या चॉकलेटचा ब्रश फिरवा. चॉकलेट पाणी अडवतं, मऊ पडायला वेळ लागतो. हाताला त्रासाचं काम आहे, भोकातून होत नाही, पफ आडवा कापावा लागतो.

रविवारचा_बेकर

दुसऱ्याचं: गुळगुळीत लांब पट्टी फुगायला लागली की साल जिथे सगळ्यात नाजूक असेल तिथे एकाच ठिकाणी फाटते. म्हणून एक्लेअरला बारीक दात्यांचं, १४-१६ मिमीचं तारा नोझल वापरतात. पट्टीवर बारीक खाचा उमटतात आणि फुगणं सगळ्या खाचांत वाटलं जातं. ते नसेल तर काटा पाण्यात बुडवून पट्टीवरून लांबीच्या दिशेने हलके ओढा. तितकं सुबक नाही होत, पण फाटणं कमी होतं. पट्टी १२ सेंमीची आणि सगळीकडे सारखी जाड, शेवटी पिशवी झटकन वर न उचलता मागे वळवून तोडायची. भरताना बुडाला तीन भोकं, दोन टोकांना आणि एक मधे. एकाच भोकातून भरलं तर एक टोक रिकामं राहतं, आणि ते नेमकं पाहुण्याच्या वाट्याला येतं.

अर्धाचमचा

नोझल मागवते. तोवर काटा ओढून बघते, घरात काटे चार आहेत आणि अंडी सहा.